मुक्काम आधी ठरवा, मग गाडी

कारंजा तालुक्यातले धनज आणि आसपासची गावे गेल्या काही वर्षांत सहलीच्या दृष्टीने मोक्याच्या जागी आली आहेत. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वाशीम जिल्ह्यातून सलग वाहू लागला. इथून पश्चिमेला शेगाव, उत्तरेला चिखलदरा, दक्षिणेला पोहरादेवी आणि त्यापुढे माहूर. समृद्धीने मेहकरपर्यंत जाऊन खाली उतरले की लोणार. गुरुमंदिराचे कारंजे आणि सोहोळच्या अभयारण्यातले काळवीट तर घराजवळचेच. ज्याला आठ-दहा दिवस हिंडायचे आहे, रोज सामान उतरवायचे नाही, लॉजच्या खोलीसाठी फोन करत बसायचे नाही, त्याच्या मनात झोपण्याची सोय असलेल्या छोट्या गाडीचा, म्हणजे कॅम्पर व्हॅनचा, विचार येणे साहजिक आहे. हा विचार सुरू होताच बोलणे वळते ते गाडीच्या आतल्या वस्तूंकडे. ओटा कसा, फ्रिज किती लिटरचा, संडास बसेल का, एसी चालेल का. माझे म्हणणे असे की ही सुरुवातच उलटी आहे. छोटी गाडी निवडताना पहिला प्रश्न गाडीत काय बसवता येईल हा नसून, रात्री ती जिथे उभी राहील तिथे बाहेर काय मिळेल, हा आहे. बाहेर जे मिळते ते आत नको, आणि बाहेर जे मिळत नाही तेवढेच आत हवे. हा हिशेब प्रामाणिकपणे केला तर विदर्भातल्या दोघांच्या प्रवासासाठी बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच लहान, बरीच साधी गाडी पुरते.

लहान गाडीत माणसे कशी राहतात हे जगाने फार पूर्वी करून पाहिले आहे. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५१ साली फोक्सवॅगनच्या टाइप टू व्हॅनमध्ये झोपण्याची आणि स्वयंपाकाची पेटी बसवायला सुरुवात केली. पुढे जगभर प्रसिद्ध झालेली ती गाडी सुमारे सव्वाचार मीटर लांब होती, म्हणजे आजच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीएवढी. तिच्यात न्हाणीघर नव्हते आणि त्याची उणीव फारशी भासलीही नाही, कारण युरोपात गाडी उभी करण्याच्या जागी पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि स्वच्छ संडास असे. जपानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. तिथल्या ‘केई’ वर्गातल्या गाड्यांना ३.४० मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिन अशी कायद्याची मर्यादा आहे. एवढ्याशा गाडीत दोन माणसे रात्र काढून देश पालथा घालतात. हे शक्य होते ते ‘मिचि-नो-एकि’ नावाच्या रस्त्यालगतच्या थांब्यांमुळे. १९९३ पासून सुरू झालेल्या या थांब्यांची संख्या आता हजाराच्या वर आहे. तिथे चोवीस तास फुकट वाहनतळ आणि संडास असतो, स्थानिक शेतमालाची विक्री असते, अनेक ठिकाणी जेवणही मिळते. म्हणजे जपानी माणसाच्या गाडीतले न्हाणीघर आणि कोठीघर रस्त्याच्या कडेला बांधून ठेवलेले आहे. गाडी लहान राहू शकली ती त्यामुळे. उलट अमेरिकेत दोन वस्त्यांमधले अंतर मोठे, रस्ते रुंद, म्हणून तिथे बसएवढी चालती घरे निघाली. एका देशाची गाडी दुसऱ्या देशात नुसती नकलून उपयोग होत नाही तो याचमुळे.

मग आपल्याकडे बाहेर काय आहे? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या तळांची कल्पना मांडली. पण वाशीम-अकोला-बुलढाणा भागात गाडी घेऊन निघालेल्याने असे तळ जागोजागी मिळतील या भरवशावर बेत आखू नये. त्याऐवजी जे खरोखर आहे ते पाहावे. या भागाला तीर्थक्षेत्रांची जी दाट वीण आहे ती राज्यात थोड्याच ठिकाणी सापडेल. शेगावला गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास आणि विस्तीर्ण वाहनतळ, कारंज्याला नृसिंह सरस्वतींचे गुरुमंदिर, मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी. बहुतेक मोठ्या देवस्थानांपाशी अंघोळीची, प्रसादाची, गाडी लावण्याची काही ना काही व्यवस्था असते. त्यांच्या मधल्या अंतरात ढाबे आणि पेट्रोलपंप आहेत, आणि ट्रकचालक वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम करत आले आहेत. गाडीबरोबर मुक्काम हलवणे हीदेखील आपल्या लोकांना नवी गोष्ट नाही. पंढरीच्या वारीत प्रत्येक दिंडीमागे तंबू, शिधा आणि भांडी घेऊन ट्रक चालतो, पाण्याचा टँकर असतो. त्याआधी कित्येक शतके बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून याच पठारावरून गेले. तांड्याचा तळ पडे तो जिथे पाणी आणि चारा असेल तिथे; ओझे न्यायचे ते विकण्याच्या मालाचे, पाण्याचे नव्हे. मुक्कामाच्या जागेवरून प्रवासाचे सामान ठरवण्याची ही रीत आजच्या कॅम्पर व्हॅनलाही जशीच्या तशी लागू पडते.

आत वस्तू वाढवल्या तर बिघडते काय, असे कुणी विचारेल. उत्तर वजनात आहे, आणि वजन ही छोट्या गाडीची सगळ्यात कठोर अट आहे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमची सगळी मिळकत. माणसे, पाणी, गादी, कपाट, बॅटरी, सामान, सगळे त्यातच बसवायचे. छोट्या व्हॅनमध्ये हा फरक साधारण पाचशे किलोच्या आसपास असतो. आता खर्च मांडून पाहा. आठ बाय चार फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायचा एक ताव सुमारे ३५ किलो भरतो. गावातला सुतार घरातल्या सवयीने पलंग, कपाट आणि ओटा करायला बसला की चार ताव सहज लागतात. झाले १४० किलो. त्याच कामाला १२ मिलिमीटरचा प्लाय किंवा ॲल्युमिनिअमचे चौकोनी पाइप वापरले तर पन्नास-साठ किलो वाचतात. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी बारा किलोच्या आसपास असते आणि वापरायला त्याहून जास्त वीज देते. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या बंद जागेत ती नकोच. पाणी तर लिटरला किलो. शंभर लिटरची टाकी म्हणजे गाडीत दीड माणूस जास्तीचा बसवणे. जिथे दर पंचवीस-तीस किलोमीटरवर गाव आहे, तिथे वीस लिटरचे दोन जार पुरतात. हे सगळे अंदाजाने न ठेवता मोजता येते, आणि आपल्या भागात मोजणे सोपे आहे. कापसाच्या जिनिंगवर, बाजार समितीच्या आवारात धरमकाटा असतोच. गाडी सगळे सामान भरून, टाकी फुल करून, माणसांसकट एकदा काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी अशी तीन वजने घेतली तर भार मागे किती झुकला आहे तेही कळते. कॅम्पर व्हॅनसाठी लाखो रुपये घालणारा माणूस हे शंभर-दोनशे रुपये खर्च करत नाही, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

जास्त वजनाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. गाडी थांबवायला ब्रेकला जी ऊर्जा शोषावी लागते ती वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वजन वीस टक्के वाढले तर ब्रेकवरचा ताण वीस टक्के वाढतो. वेग ८० वरून १०० वर गेला तर तो छप्पन्न टक्के वाढतो. दोन्ही एकत्र झाले तर जवळजवळ दुप्पट. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, ती उंच छपराच्या, भरलेल्या व्हॅनने स्वतःसाठी धरू नये. मोकळ्या माळावरचा आडवा वारा अशा गाडीला ढकलतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जादा भार व कमी हवा यांच्यामुळे टायर आतून तापत जातो. व्हॅन घेताना टायरच्या बाजूवर लिहिलेला भारांक आणि उत्पादनाचा आठवडा-वर्ष पाहणे हे ओट्याचा सनमायका निवडण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे काम आहे. आणि महामार्ग सोडला की आपली काळी माती सुरू होते. ही कापसाची जमीन पाण्याने फुगते, चाकाला थापल्यासारखी चिकटते, आणि डांबरावरून दोन हात बाजूला घेतलेली गाडीसुद्धा पावसाळ्यात रुतते. म्हणून आठवडाभर पाऊस लागून राहिला असेल तर मुक्काम मुरमावर किंवा फरशीवर, वावराच्या कडेला कधीच नाही. गाडीचे कोणते चाक ओढते याचाही इथे विचार करावा. भार मागे असलेल्या व्हॅनला मागच्या चाकांचा जोर असेल तर ओल्या चढावर पकड मिळते. पुढच्या चाकांच्या गाडीत मागे जास्त ओझे भरले की पुढचे टोक हलके होऊन चाके जागच्या जागी फिरतात. अशा गाडीत पाणी आणि बॅटरी शक्य तितकी पुढे, चालकाच्या सीटमागे ठेवावी.

बाजारात कॅम्परसाठी पाया म्हणून कोणत्या गाड्या आहेत? सगळ्यात खाली मारुतीची ईको, २०१० पासून विकली जाणारी, लांबी ३.६७५ मीटर, रुंदी १.४७५ मीटर. जपानी केई गाडीहून ती वीत-सव्वा वीतच लांब आहे, रुंदी तर जवळपास तेवढीच. इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना, दोन्ही बाजूंना सरकते दार, पेट्रोल किंवा सीएनजी, आणि तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला येणारी बांधणी. तिची उणीवही उघड आहे. आत उभे राहता येत नाही, सहा फुटी माणसाने विकत घेण्याआधी आत आडवे होऊन पाय पुरतात का ते पाहावे, आणि इंजिन बुडाखाली असल्याने उन्हाळ्यात पुढची सीट तापते. तिच्या वरच्या पायरीला टाटाची विंगर आणि फोर्सची ट्रॅव्हलर. विंगर पुढच्या चाकांवर चालते, तिची फरशी खाली असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना चढणे सोपे. ट्रॅव्हलर ही पुण्याच्या कंपनीची. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी उभी केलेली बजाज टेम्पो, जिची मॅटाडोर एकेकाळी आपल्या प्रत्येक बाजारगावात दिसे, तीच २००५ पासून फोर्स मोटर्स. ट्रॅव्हलरच्या उंच छपराच्या गाडीत जवळजवळ सरळ उभे राहता येते, वजन पेलण्याची ताकद भरपूर, पण सहा मीटरच्या आसपासची लांबी धनजसारख्या गावाच्या आतल्या गल्लीत वळवताना जाणवते. तिसरा मार्ग पिकअपवर खोली बांधण्याचा. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीबरोबर महिंद्राने २०२२ मध्ये करार केला तो बोलेरो कॅम्परवर स्वस्तातली कॅम्पर तयार करण्यासाठी. चार जणांची झोपण्याची सोय आणि संडास-अंघोळ त्यात धरलेली आहे. चौघांच्या कुटुंबासाठी हा विचार योग्य आहे. पण दोघांसाठी, आणि आपल्या भागात, माझे मत ईकोच्या आकाराच्या गाडीकडे स्पष्टपणे झुकते. देवळापर्यंतच्या बोळात शिरणारी, बाजाराच्या दिवशीही जागा मिळणारी, चिखलदऱ्याच्या अरुंद वळणावर समोरून एसटी आली तरी न अडणारी गाडी जास्त ठिकाणी जाते. जिथे गाडी जात नाही तिथे तिच्यातल्या सोयी काय कामाच्या?

यावर सगळ्यात मोठा आक्षेप उन्हाचा. मे महिन्यात अकोला-अमरावती पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो, रात्रीही तो सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली सहज येत नाही, आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्री आत उष्णता ओकत राहतो. अशा वेळी एसीशिवाय झोपणार कसे? आकडे पाहू. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण एक किलोवॉट वीज घेतो. रात्रीचे आठ तास, कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला असे धरले तरी चार युनिट. शंभर अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्यावर सव्वा युनिट असते. म्हणजे एका रात्रीसाठी तीनहून जास्त बॅटऱ्या, आणि त्या दुसऱ्या दिवशी भरायच्या कशा? छोट्या व्हॅनच्या टपावर फार तर तीन-साडेतीनशे वॉटचे सोलर पॅनेल बसतात, ते दिवसाला सव्वा-दीड युनिट देतील. त्यातही पेच असा की पॅनेलला ऊन हवे आणि माणसांना कडुनिंबाची सावली. गाडी सावलीत लावली की पॅनेल निकामी. म्हणून एसीचा नाद छोट्या गाडीत सोडावा, आणि जे स्वस्त आहे ते आधी करावे. गाडी पांढरीच घ्यावी. टपाला आणि दारांना आतून नायट्राइल रबराचे किंवा तशाच बंद छिद्रांच्या फोमचे अस्तर द्यावे. काचेवरचे ऊन आतल्या पडद्याने अडवण्याऐवजी बाहेरून झाकावे, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्यावर पडून तिथेच उष्णता होते; बाहेर अडवले तर ती उष्णता बाहेरच वाऱ्यावर जाते. छपरात हवा बाहेर फेकणारा पंखा आणि खाली, झोपणाऱ्याच्या डोक्याशी, मच्छरदाणीची जाळी लावलेली खिडकी. गरम हवा वर जाते, थंड खालून येते. असा बारा व्होल्टचा पंखा तीसेक वॉट घेतो, म्हणजे रात्रभरात पाव युनिट. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज गरमीत दिवसाला अर्धा युनिट घेईल, दिवे आणि मोबाइल मिळून थोडे. सगळे एकाच बॅटरीत भागते. आणि ती भरायला टपावरच्या पॅनेलपेक्षा इंजिनाच्या अल्टरनेटरचा आधार जास्त भरवशाचा: वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर चार तासांच्या प्रवासात सुमारे एक युनिट वीज जमा होते. रोज फिरणाऱ्या माणसाला एवढे पुरते.

पण इतके करूनही मे महिन्यातली धनजची रात्र पत्र्याच्या पेटीत सुखाची होईल असे मी म्हणणार नाही. होणार नाही. आपल्या लोकांनी उन्हाळ्याला दिलेले उत्तर अंगणातली खाट आणि गच्चीवरचे अंथरूण हे आहे, भिंतींच्या आतले नाही. गाडीलाही तेच लागू करावे. बाजूच्या सरकत्या दाराला जोडून उघडणारी ताडपत्रीची सावली आणि तिला सगळीकडून जाळी, आत दोन घडीच्या खाटा, हा सरंजाम पंधरा-वीस किलोत होतो. आणि बेत असा आखावा की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हिंडायचे, एप्रिल-मे मध्ये निघायचेच तर सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला. तरीही ज्यांना उन्हाळ्यात लग्नकार्ये करत फिरायचे आहे त्यांनी गाडीला बाहेरची वीज जोडण्याचे एक सॉकेट ठेवावे. नातेवाइकांच्या दारात किंवा जिथे परवानगी आणि वीज दोन्ही मिळेल तिथे छोटा कूलर लावता येतो. विदर्भाच्या कोरड्या गरमीत कूलर जे काम करतो ते कोकणात करणार नाही. हा आपला फायदा आहे, तो घ्यावा.

स्वयंपाकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पाच किलोचा सिलिंडर आणि एक शेगडी मागच्या दाराशी बाहेर काढून वापरता येईल अशी बसवावी. बंद गाडीत शेगडी पेटवणे, थंडीत ऊब यावी म्हणून ती चालू ठेवून झोपणे, हे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते जागे करत नाही.

कागदांचे मात्र मन लावून पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. छप्पर कापून उंच करणे, सीट काढून टाकून कायमचा पलंग ठोकणे, संडास बसवणे हे बदल आरटीओला न सांगता केले तर पासिंगच्या वेळी अडचण येईल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा पुढे करेल. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि पुण्याची एआरएआय, म्हणजे वाहनांची चाचणी घेणारी संस्था, अशी प्रमाणपत्रे देते. त्यामुळे तयार कॅम्पर विकत घेताना या मानकाचे प्रमाणपत्र आणि आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहून मिळणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावे. चालवण्याचा प्रश्न मात्र सोपा आहे. हलक्या वाहनाची व्याख्या साडेसात हजार किलोपर्यंतची, आणि इथे चर्चेत असलेल्या सगळ्या गाड्या त्याच्या कितीतरी खाली. पाठीमागे आडव्या बाकावर बसून, पट्टा न लावता प्रवास करण्याची सवय मात्र कॅम्परवाल्यांत दिसते, ती कागदाने नाही तर जिवाने महाग पडेल. जितक्या माणसांना पट्ट्याच्या सीट आहेत तितकीच माणसे न्यावीत.

आता दुसरा गंभीर आक्षेप, आणि तो माझ्या म्हणण्याला खरा धक्का देणारा आहे. बाहेर मिळते ते आत नको, हे पुरुषाला म्हणणे सोपे. रात्री दोन वाजता ढाब्यामागच्या अंधाऱ्या संडासापर्यंत एकट्या बाईने जायचे का? मधुमेह असलेल्या सासऱ्यांनी रात्री तीनदा उठायचे तर काय? इथे माझ्याच नियमाचा दुसरा भाग लागू होतो: बाहेर जे मिळत नाही ते आत हवे. रात्रीचा सुरक्षित संडास आपल्याकडे भरवशाने मिळत नाही, म्हणून तो आत हवाच. पण त्यासाठी न्हाणीघर बांधायला नको. दोन भागांचा, दहा ते वीस लिटरच्या टाकीचा, हाताने उचलता येणारा पोर्टेबल संडास पलंगाखाली राहतो आणि पडदा ओढला की आडोसा होतो. त्याची टाकी सकाळी कुठल्यातरी फ्लशच्या संडासात रिकामी करायची. नाल्यात, वावरात किंवा लोणारच्या सरोवराच्या काठी कधीही नाही. उल्का आदळून झालेले, २०२० पासून रामसर यादीत असलेले ते पाणी मोठ्या कष्टाने राखले जात आहे. याच कारणाने मुक्कामाची जागासुद्धा बाईमाणसाच्या नजरेने ठरवावी: उजेड आहे का, रात्रपाळीचा माणूस आहे का, निघायचे झाले तर गाडी मागे न घेता सरळ निघते का. झोपायच्या जागेतून बाहेर न पडता चालकाच्या सीटवर येता येणे ही व्हॅनची मोठी जमेची बाजू आहे; पिकअपवर बांधलेल्या खोलीत ती बहुधा नसते, आणि दोघींनीच प्रवास करायचा असेल तर मी या एका कारणावरून व्हॅन निवडेन.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. देवस्थानचा वाहनतळ आणि संडासच वापरायचा, तर मग सरळ भक्तनिवासात खोली का घेऊ नये, आणि असलेल्या कारनेच का जाऊ नये? वर्षातून दोनदा शेगावला जाणाऱ्यासाठी हे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि त्याने कॅम्पर व्हॅन घेऊ नये. ज्या घरात पाच-सहा माणसे एकत्र निघतात त्यांनाही ती परवडणार नाही. त्यांनी भाड्याची ट्रॅव्हलर आणि खोल्या घ्याव्यात. व्हॅनचा उपयोग आहे तो लांब हिंडणाऱ्या दोघांना. रामनवमीला पोहरादेवीत किंवा गुरुप्रतिपदेला कारंज्यात खोली मिळत नाही तेव्हा, सोहोळच्या माळावर काळवीट पाहायला पहाटे पोहोचायचे असते तेव्हा, पथ्याचे जेवण आणि औषधांची थंड पिशवी रोज बरोबर लागते तेव्हा. निवृत्त शिक्षक, शेतीची सुगी संपवून जानेवारीत मोकळे झालेले जोडपे, पक्षी पाहणारे, देवळांची शिल्पे टिपणारे, अशांना.

अशा माणसांनीही सुरुवात कायमची बांधणी करून करू नये. मूळ सीट घडी करून तिच्यावर बसणारी, नट सैल करून तासाभरात उतरवता येणारी पलंगपेटी, तिच्या पोटात जार, शेगडी आणि संडास, टप न कापता खिडकीत अडकवायचा पंखा, आणि वेगळी ठेवलेली छोटी बॅटरीपेटी, एवढे मिळून ऐंशी किलोच्या आत राहते आणि आरसीवरच्या एकाही ओळीला धक्का लागत नाही. एक हिवाळा याच सामानाने काढला की दोन गोष्टी कळतात: कोणती वस्तू रोज लागली, आणि कोणती एकदाही पेटीतून बाहेर आली नाही. पुढचा खर्च, उंच छपराची मोठी गाडी किंवा प्रमाणित कॅम्पर, त्या यादीवरून करावा. आणि मार्च उजाडला की पेटी उतरवून कोठारात ठेवायची. सीट पुन्हा उघडल्या की तीच एमएच-३७ पाटीची ईको उन्हाळाभर घरच्यांना कारंज्याच्या दवाखान्यात, बाजारात आणि लग्नाला नेते.